रिकामी टॅक्सी चालत नसते

आमच्या टॅक्सीत मी दगड आहे.

हसू नका! हे पद असं सहजासहजी मिळत नाही. आधी मी बरीच वर्षं मागच्या डाव्या दारावर काढली, मग वायपरवर, आणि तेव्हा कुठे बढती मिळून पुढच्या सीटवर दगड म्हणून आलो. चढावर गाडी थांबली, की उडी मारून उतरायचं आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक नाही ना! म्हणजे आहे, पण ओढला की मुळासकट कप्तानाच्या हातात येतो.

कप्तान म्हणजे आमचा ड्रायव्हर. रोज सकाळी खालच्या स्टँडवरून टेकडीवरच्या ऑफिसांपर्यंत तो आम्हा ठरलेल्या चौघांना नेतो. नेतो म्हणजे, आम्ही सगळे मिळून नेतो. लायब्ररीबाई मागच्या डाव्या दाराची दोरी धरतात, नाहीतर ते दार वळणावर सताड उघडतं. पुढचं माझं दार फक्त बाहेरून उघडतं, म्हणून वेळ आली की बाईच मागच्या खिडकीतून हात काढून मला सोडवतात. मधे औषधवाला बसतो. त्याच्या हातात वायपरच्या सुतळीची दोन टोकं असतात, लगाम धरल्यासारखी. आणि उजवीकडे गाण्याचे मास्तर. मास्तरांना काहीच करावं लागत नाही, नुसतं बसायचं. त्यांचं वजन उजवीकडे पडलं नाही, तर गाडी डावीकडे झुकते आणि टायर पत्र्याला घासतो! माझ्या मांडीवर दगड, आणि उजव्या हातात गिअरचा दांडा, कारण तिसरा गिअर सोडला की निसटतो.

असल्या गाडीला रस्त्यावर येऊ देतं कोण, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं होतं. ज्या साहेबांना विचारायला गेलो, त्यांची सरकारी जीप त्यांचे दोन शिपाई मागून ढकलत होते. आम्ही नमस्कार केला, थोडा हातभार लावला आणि परत आलो.

असो. मुद्दा माझ्या आईचा आहे.

आई शिंपीण. आमचं घर तिच्या मशीनवर उभं राहिलं. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले, आणि गेल्या वर्षी तिने शेजारच्या काकांच्या शर्टाला खिसा उलटा लावला. काका भला माणूस, म्हणाले, "राहू द्या हो वहिनी, तसं तरी मी खिशात काय ठेवतो?" पण आईने त्या दिवशी मशीनवर जे झाकण घातलं, ते पुन्हा काढलं नाही. दुपारी नुसती त्या झाकणावर हात ठेवून बसायची. मला ते बघवत नव्हतं.

टेकडीवरच्या धर्मादाय हॉस्पिटलात नंबर लावला. कितीतरी महिन्यांनी तारीख आली. तिथला नियम असा, की नऊच्या आत हजर झालं नाही तर नंबर गेला, पुन्हा रांगेच्या शेपटाला!

मी मात्र निर्धास्त होतो. "आईला गर्दीत नेणार नाही," मी बायकोला जाहीर केलं. "कप्तानाची अख्खी गाडी सांगितली आहे. स्पेशल! मागे आई एकटी, ऐसपैस. राणीसारखी जाईल."

बायकोने लाटणं खाली ठेवलं. "अहो, अख्खी म्हणजे रिकामी?"

"रिकामीच! स्पेशल म्हणजे काय मग?"

"मग दार कोण धरणार?"

"तुला ना, कुठल्याही चांगल्या गोष्टीत खोट काढायची सवयच आहे!" मी म्हणालो आणि झोपायला गेलो. बायकोचं ऐकून न घेण्याची किंमत काय असते, ते नवरे लोकांना मी सांगायला नको.

सकाळी कप्तान दारात आला तोच चेहरा पाडून. गाडीत मागे डोकावून म्हणाला, "साहेब, बाकीची मंडळी?"

"अरे, स्पेशल सांगितली होती ना!"

"ते मला वाटलं, तुम्ही आपलं म्हणायला म्हणताय." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेब, आपली गाडी रिकामी चालत नाही हो!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पण आई नवी साडी नेसून, पिशवी छातीशी धरून उभी होती. मी तिला मागे डावीकडे बसवलं आणि दोरी हातात दिली.

"हे काय रे?"

"सीटबेल्ट आहे आई. घट्ट धरून ठेव."

"हा बांधायचा नसतो का?"

"नवीन प्रकार आहे. धरायचाच असतो."

आईला बापडीला काय दिसणार! ती दोरी धरून खूश झाली. गाडी निघाली. मी पुढे दगड सांभाळत, गिअर दाबत बसलो. कोपऱ्यावर वळलो आणि मागे डावीकडे घर्र घर्र सुरू झालं. मास्तर नव्हते ना!

"कसला रे जळका वास येतोय?"

"नव्या गाडीला येतोच आई, रबराचा."

"आणि पायाला गार वारा लागतोय तो?"

"ए.सी. आहे."

"माझ्या पोरानं केवढी मोठी गाडी केली!" आई कौतुकाने म्हणाली. कप्तान माझ्याकडे बघेना आणि मी कप्तानाकडे. गाडीच्या तळाला मोठं भोक आहे, त्यातून रस्ता सरकताना मला स्वच्छ दिसत होता.

स्टँड मागे टाकलं आणि टेकडीचा चढ लागला. पुढे एक पाण्याचा टँकर रांगत होता. त्याचं मागचं झाकण गेलेलं, तिथे कुणीतरी बोळा कोंबला होता. लाल दिवा वायरीला लोंबत होता. आणि आम्ही जवळ गेलो, तोच तो बोळा सुटला! धाडकन पाण्याचा लोट आमच्या काचेवर! समोरचं जग दिसेनासं झालं.

"वायपर! वायपर!" कप्तान ओरडला.

"आई, तुझ्या मांडीवर सुतळी आहे बघ, दोन टोकं! एकदा हे ओढ, एकदा ते!"

"आणि सीटबेल्ट?"

"तो दातात धर!"

आयुष्यभर पायाने मशीन चालवून हाताने कापड सरकवलेली बाई ती! तिने असा काही ताल धरला, की औषधवाल्यानेही शिकावं. पण पाणी आत इंजिनात गेलं असावं. गाडीने दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

आणि मग, हळूच, मागे निघाली.

"दगड!" कप्तान किंचाळला. हाच तो क्षण, ज्यासाठी मी नेमलेला! मी दगड उचलला, दाराला खांदा दिला आणि आठवलं, की ते दार आतून उघडत नाही.

"आई! खिडकीतून हात बाहेर काढ, माझं दार उघड!"

आई तोंडात दोरी धरून काहीतरी म्हणाली. मग हात बाहेर काढून चाचपू लागली आणि तिने माझा कान धरला. ओढलाही! कप्तान ब्रेकवर नाचत होता. त्याच्या ब्रेकला आधी चांगलं सात-आठ वेळा समजावून सांगावं लागतं. मागून येणारा दूधवाला सायकल टाकून भिंतीला चिकटला. मी डोळे मिटले. आईच्या डोळ्यांसाठी निघालो आणि आईच घालवून बसणार, एवढाच विचार मनात आला. खरं सांगतो, मला रडू फुटलं होतं.

धप्प!

डोळे उघडले तर गाडी स्टँडच्या तोंडाशी वाळूच्या ढिगात रुतलेली. आणि समोर तिघं उभे: लायब्ररीबाई, औषधवाला आणि मास्तर!

"वा! छान!" लायब्ररीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "अर्धा तास झाला आम्ही इथे ताटकळतोय! न विचारता गाडी घेऊन जाता? दगड आहात म्हणून काय मालक झालात?"

"बाई, चिडू नका हो. आई आहे मागे. ऑपरेशन आहे. नऊच्या आत पोचायचंय," मी म्हणालो.

बाईंनी एकदा मागे पाहिलं. आई तोंडात दोरी धरून, डोळे विस्फारून समोर काहीच न बघता बसली होती. बाईंनी तिच्या तोंडातली दोरी काढून घेतली, तिला मधे सरकवलं आणि दार ओढलं. उजवीकडे मास्तर बसले, गाडी सरळ झाली. औषधवाल्याला जागाच उरली नव्हती, तो मास्तरांच्या मांडीवर बसला आणि त्याने सुतळी ताब्यात घेतली. स्टँडवरच्या चौघांनी धक्का दिला, इंजिन खोकत सुरू झालं आणि गाडी वाळूतून निघाली.

"अरे, हे कोण सगळे?" आईने विचारलं.

आता इतकं खोटं बोललोच होतो. "हॉस्पिटलची माणसं आहेत आई. तुला न्यायला आलीत."

"अगंबाई! खाली उतरून आली?" आई मास्तरांकडे वळली. "डॉक्टर, दुखेल का हो फार?"

मास्तर क्षणभर गांगरले. मग म्हणाले, "नाही आजी. श्वास लांब घ्यायचा, मान हलवायची नाही, बस्स." तो त्यांचा गाण्याच्या क्लासातला पाठ होता, पण आईला एकदम धीर आला. तिने त्यांचा हात धरला, तो वर पोचेपर्यंत सोडला नाही.

हॉस्पिटलच्या खिडकीशी पोचलो तेव्हा नऊ कधीच वाजून गेले होते. आतल्या बाई म्हणाल्या, "उशीर झाला. नंबर गेला."

"अहो, टॅक्सी..."

"सगळे तेच सांगतात."

मी हात जोडले. मास्तरांनी हात जोडले. लायब्ररीबाई भांडल्या. काही उपयोग होईना. आई बाकावर बसून म्हणाली, "जाऊ दे रे. मला सवय झालीय आता."

तेवढ्यात आतून एक नर्स आली आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "पुढचा पेशंट येत नाहीये. त्यांच्या टॅक्सीचं पुढचं चाक निखळून नाल्यात गेलं. सगळे सुखरूप आहेत, पण टॅक्सीही नाल्यात आहे. डॉक्टर खोळंबलेत, आहे का कुणी?"

कुणाची तरी टॅक्सी आमच्यापेक्षाही वाईट निघाली म्हणून माझ्या आईला नंबर मिळाला! आनंद मानावा की लाज वाटावी, कळेना. मी आनंद मानला.

एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात, असं डॉक्टर म्हणाले. रात्रभर ठेवून घेऊन दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आईने डोळा मिचकावला, आणि आधी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"एवढा म्हातारा कधी झालास रे?"

"कालच," मी म्हणालो.

तिने स्वतःच्या पदराचा काठ डोळ्यांजवळ नेला, त्याची शिवण बोटाने चाचपली, मग बोट काढून नुसती बघत राहिली. "टाका दिसतोय," ती हळूच म्हणाली. "बारीक टाकासुद्धा दिसतोय!" नर्सला पण गहिवरून आलं. मला तर काय, रुमाल सापडेना.

आणि मी तिला हाताला धरून बाहेर आणलं.

फाटकाशी आमची गाडी उभी होती. मंडळी हौसेने आपापल्या जागी बसून होती. बाईंच्या हातात दोरी, औषधवाल्याच्या हातात सुतळी. चाकाखाली माझा दगड कप्तानाने लावून ठेवला होता. आई थबकली. मग एका डोळ्याने तिने गाडीला सावकाश एक प्रदक्षिणा घातली. टायर पाहिला. वाकून तळातलं भोक पाहिलं, आणि त्यातून मास्तरांची चप्पल पाहिली.

"हीच?" तिने विचारलं.

"हीच," मी म्हणालो.

आई गाडीत बसली. घरी आल्यावर पाणी प्यायली, मशीनवरचं झाकण काढलं, सुईत दोरा ओवला आणि मग मला म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याचं राहू दे."

"अगं आई! असं कसं? डॉक्टरांनी तारीख दिलीय!"

"मला मशीनपुरतं दिसतंय, पुरे. त्या गाडीतून मी पुन्हा टेकडी चढणार नाही. काल मला दिसत नव्हतं म्हणून गेले!"

मी विनवलं, बायकोने विनवलं, मास्तर मुद्दाम घरी येऊन समजावून गेले. आई ऐकत नाही. शेवटी मी शब्द दिला, "आई, तुझ्यासाठी दुसरी टॅक्सी शोधतो. धडधाकट! तू स्वतः बघ, पसंत पडली तरच बस."

त्याला आता पंधरवडा झाला. रोज ऑफिस सुटल्यावर मी स्टँडं पालथी घालतोय. एकीला स्टिअरिंगच्या जागी पाना आहे. एकीचं बॉनेट ड्रायव्हरच्या मेव्हण्याला वर बसून दाबून ठेवावं लागतं. एकीत मी बसलो, तर सीटसकट रस्त्यावर राहिलो आणि टॅक्सी पुढे गेली.

तारीख परवावर आली आहे. आई रोज संध्याकाळी विचारते, "मिळाली का रे?" आणि मी म्हणतो, "बघतोय." आपली टॅक्सी या सगळ्यांत चांगली आहे, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?