तेल हलत होते

कोणतेही नाजूक काम वरिष्ठाच्या हातून झाले की ते आपोआप शास्त्रशुद्ध होते, हे सर्वमान्य आहे.

एका संशोधन संस्थेतल्या संशोधिकेला हे सत्य पचायला जरा जड गेले. तिची पीएच.डी. एका प्रथिनाच्या स्फटिकावर अडली होती. प्रथिनाचा इवलासा थेंब तेलाखाली ठेवायचा, म्हणजे तो चटकन सुकत नाही, आणि स्फटिकाची वाट बघत बसायचे. तिच्या बहुतेक थेंबांत काहीच आले नाही. काहींत प्रथिनाऐवजी मिठाचेच खडे आले (त्यावर एका सहकाऱ्याने निबंध वाचून बक्षीस मिळवले). शेवटी एका थेंबात खरा स्फटिक धरला, मोहरीहून कितीतरी लहान.

तो उचलायचा म्हणजे नायलॉनच्या केसाएवढ्या फासात अलगद घ्यायचा, तेलातून ओढून अंगचे पाणी काढायचे आणि तत्क्षणी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. मग क्ष-किरणांना त्याच्या पोटातली रचना दिसते. फास लागला तर तो तडकतो, दिव्याखाली रेंगाळला तर विरघळतो. मिठाच्या खड्यांवर सराव करून तिने हात बसवला होता.

पण पहिला स्फटिक उचलण्याचा मान संचालकांचा, असा संस्थेचा दंडक होता. (गेल्या कित्येक वर्षांत संचालकांनी हाताळलेला एकमेव फास म्हणजे स्वतःचा टाय.)

समारंभ रीतसर झाला. प्रास्ताविक, स्वागत, स्वागताबद्दल आभार. तोवर सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालूच.

"दिवा जरा बंद ठेवू या का? थेंब गरम होतोय," ती म्हणाली.

"अहो मॅडम, अंधारात फोटो काय येणार?" जनसंपर्क अधिकारी म्हणाले.

संचालकांनी डोळा लावला, फास तेलात घातला. फास थरथरत स्फटिकाभोवती प्रदक्षिणा घालू लागला.

"हा स्फटिक हलतोय का हो?" संचालकांनी विचारले.

हलत होता तो त्यांचा हात. खोलीतल्या सगळ्यांना ते दिसत होते. सगळे तिच्याकडे बघत होते. प्रबंधावर सही संचालकांचीच लागायची.

"तेल हलतंय, सर," ती म्हणाली.

संचालकांनी तेलाला धडा शिकवायचे ठरवले आणि फास दाबला. स्फटिकाचा भुगा झाला. फासात राहिलेला तेलाचा टिपूस त्यांनी ऐटीत नायट्रोजनमध्ये बुडवला. टाळ्या पडल्या. पुढे क्ष-किरणांना त्यात तेलच सापडले. क्ष-किरणांना शिष्टाचार नसतो.

चौकशी समितीने तेलाला दोषी धरले. तेल चंचल असून त्याने मान्यवरांशी असहकार केला, याला प्रत्यक्षदर्शी संशोधिकेचे विधान पुरावा म्हणून जोडले. शिफारशी अशा: मान्यवरांसाठी मोठा फास घ्यावा (त्यातून स्फटिक गळेल, पण फास फोटोत दिसेल), तेलाचा पुरवठादार बदलावा, संशोधिकेने पुन्हा पहिल्या थेंबापासून सुरुवात करावी.

"अगं, पण तू बोलली का नाहीस?" घरी आईने विचारले.

"बोलले ना," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आले.

तुम्हाला तिचा राग आला असेल, तर योग्यच आहे. माणसाला कणा हवा. फक्त परवाच्या मीटिंगमध्ये साहेबांचा हात हलत होता, तेव्हा काय हलतंय म्हणून सांगितलेत, तेवढे आठवून बघा.