दाजी आणि मोडका वीरगळ

आमचे दाजी लग्नाला गेले की अक्षतांच्या वेळी सापडत नाहीत. इकडे भटजी ‘सावधान’ म्हणत असतात आणि मी मुठीत अक्षता धरून गावभर दाजींना शोधत असतो. शोधायची जागा ठरलेली. गावातल्या सगळ्यात जुन्या देवळाच्या मागची बाजू, जिथं उष्ट्या पत्रावळ्या टाकतात. तिथं दाजी आहेराचा फेटा मांडीवर ठेवून उकिडवे बसलेले असतात आणि एखाद्या काळ्या दगडावरची पानाची पिंक ओल्या रुमालानं पुसत असतात. वाईजवळच्या एका लग्नात तर त्यांनी नवरदेवालाच पळवलं. पोरगं देवाला नारळ द्यायला म्हणून घोड्यावरून उतरलं, ते दाजींच्या तावडीत सापडलं. “दोनच मिन्टं. ह्यो बघा, तुमच्याच गावचा गडी. गुरं सोडवताना पडलाय.” नवरी बोहल्यावर आणि नवरा देवळामागं! त्या गावात मला अजून ‘दगडवाल्याचा मेव्हणा’ म्हणतात.

मेव्हणा मी खराच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. अक्का गावातल्या गावात दिलेली, त्यामुळं दाजींचा ताप मला रोजचा.

आमचं गाव विट्याच्या पुढं, येरळेच्या काठावर. इकडची माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात. जुने दागिने घ्यायचे, मुशीत आटवायचे, सोनं चोख करून लगड पाडायची. दाजींनीही दक्षिणेत भट्टीपुढं उमेदीची सगळी वर्षं घालवली. दुकान मुलाच्या हाती देऊन नवरा-बायको गावी आले आणि वर्षभरात अक्का गेली. दाजी घरात एकटे. आम्हाला वाटलं, आता हा माणूस खचणार. तर साताऱ्याहून काही कॉलेजची पोरं गावोगावचे वीरगळ मोजत, फोटो काढत आली. दाजी त्यांच्यामागं पाण्याची बाटली घेऊन दिवसभर हिंडले आणि परत आले ते निराळेच होऊन.

वीरगळ म्हणजे लढाईत, नाहीतर चोरांच्या तावडीतून गुरं सोडवताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी कोरलेला उभा दगड. खालच्या पट्टीत त्याची लढाई. मधल्या पट्टीत त्याला स्वर्गात घेऊन जाणाऱ्या अप्सरा. वरच्या पट्टीत तो शंकराच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. म्हणजे वाचायचा खालून वर. हे एकदा कळल्यावर दाजींनी जगातली प्रत्येक गोष्ट खालून वर वाचायला घेतली. “खालनं वर!” हा त्यांचा मंत्र. पेपर निधनवार्तांपासून सुरू. लग्नपत्रिका आली की आधी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ मोठ्यानं वाचणार आणि मग कुणाचं लग्न ते हुडकत वर जाणार. माझ्या शेतीऔषधांच्या दुकानात बसून त्यांनी गिऱ्हाइकांना कीटकनाशकाच्या बाटल्यासुद्धा खालून वाचायला लावल्या. त्याचा मात्र फायदा झाला, कारण विषाची खूण खालीच असते.

आमच्या भैरोबाच्या देवळामागं असे चार वीरगळ होते. त्यातला एक मधल्या पट्टीच्या जरा वर आडवा मोडलेला, दोन तुकडे एकमेकांवर टेकवून ठेवलेले. गाव त्यांना म्हसोबा समजून तेल घालायचं, शेंदूर फासायचं. मोडक्यावरची शेंदराची पुटं एका उन्हाळ्यात वाळून आपोआप गळाली. त्यानंतर दाजींनी तिथं कुणाला शेंदूर लावू दिला नाही. अवसेला बायका वाटी घेऊन आल्या की हे आडवे. “आवं माय, त्याचं नाकडोळं बुजत्यात. हात जोडा, पर हात लावू नका.” बायका माझ्याकडं गाऱ्हाणं घेऊन यायच्या. मी दाजींवर ओरडायचो. दाजी म्हणायचे, “पाव्हणं, आधी बघा, मग बोला.” दगडात काय बघायचं? मी कधी गेलो नाही.

यंदा गावानं भैरोबाचं जुनं देऊळ उतरवून नवं बांधलं. स्लॅब, फरशी, रंगीत शिखर. जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष आबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. एकदा बोलले की हुकूम. चिटणीस मी. देऊळ पाडताना दाजी आठवडाभर जेवले नाहीत की काय कोण जाणे, पण कोरीव दगड क्रशरला जाऊ दिला नाही एवढं खरं. आता कळस चढायचा तेवढा राहिला होता. त्याच्या आदल्या शनिवारी बाहेरगावचे पुरोहित जागा बघायला आले. देवळामागं गेले आणि थबकले. “खंडित मूर्ती आवारात? ही आधी वाहत्या पाण्यात सोडा. तोवर कळस चढणार नाही.”

झालं. फुटकी मूर्ती पाण्यात सोडायची ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मोडका दगड उद्या सकाळीच येरळेत सोडायचं ठरलं. दाजींनी साताऱ्याच्या पोरांना फोन लावला, पण ती उद्या दुपारशिवाय पोचणार नव्हती. दाद मागावी तर सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी. मग संध्याकाळी देवळापुढं गाव जमलं तेव्हा दाजी भर सभेत उभे राहिले.

“आबा, खंडित मूर्तीचा नेम देवाला. ह्यो देव न्हाईच. ह्यो माणूस हाय, लढताना मेलेला. तुमच्यासारखा फौजी. तुमचा कोण गडी जखमी झाला तर त्याला नदीत टाकून आलता व्हय?”

आबांचा हात मिशीवर गेला. मला वाटलं, जिंकले दाजी. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजी मढ्याचा दगड म्हणायचा की ह्यो!”

“आन आमी त्याला तेल घालतोय? देवाच्या पाठीला मढं?”

कुजबुज वाढली. आबांनी हात वर केला. “जवान असंल तर त्याला आपला सलाम. पर स्मशानातली वस्तू देवळात नको. एकच कशाला, चारी उचला.”

हात दाखवून अवलक्षण ते हे! एक दगड वाचवायला गेलेल्या दाजींनी चारही घालवले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. घरी जाताना ते एकच वाक्य म्हणाले, “खरं सांगितलं, त्येच चुकलं का रं संपत?”

सकाळी आबांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॉली डंपिंगची, दांडा ओढला की पुढून उचलून मागं ओतणारी. गड्यांनी पहारी लावून चारही वीरगळ चढवले. शेवटचा तुकडा आत गेला आणि कुणाला काही कळायच्या आत दाजी ट्रॉलीत चढून मोडक्या दगडाला कवटाळून बसले. “चला. मला बी बुडवा.”

लोक हसले. आबा हसले नाहीत. “बसू द्या. पाणी बघून उतरत्याल.”

नदीपर्यंत निम्मं गाव ट्रॉलीमागं चालत आलं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला खोल डोह आहे, तिथं ट्रॅक्टर मागं घेतला. ट्रॉलीची फळी काढली. मागं चार हातांवर हिरवं पाणी. दाजी हलले नाहीत.

“दाजी, उतरा.” आबा म्हणाले.

“न्हाई.”

“शेवटचं सांगतोय. पोरा, दांड्यावर हात ठेव.”

पुतण्यानं दांड्यावर हात ठेवला. त्याचा चेहरा पांढराफटक. आबांच्या कपाळावरची शीर तटतटलेली. हा माणूस शब्द फिरवत नाही हे गावाला माहीत, आणि दाजी उठणार नाहीत हे मला माहीत. बायका ओरडायला लागल्या. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. समितीचा चिटणीस मी, मेव्हणाही मीच. आपलेच दात, आपलेच ओठ. मी चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढलो.

“दाजी, लाज वाटत न्हाई? अक्का असती तर तिनं तोंड लपवलं असतं!”

अक्काचं नाव मी कसं घेतलं कोण जाणे. दाजींनी वर पाहिलं. मग माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि माझा अंगठा दगडाच्या मधल्या पट्टीवर नेला. त्या मेलेल्या गड्याचा हात धरून निघालेली एक बाई होती. वीतभर उंचीची. माझा अंगठा त्यांनी तिच्या गळ्यावर टेकवला. बारीक बारीक दाण्यांच्या ओळी, एकाखाली एक, गळ्याला घट्ट.

“वळखलीस?”

मी ओळखली. आमच्या आईच्या गळ्यातली वज्रटीक. तिच्या लग्नात तिच्या आईनं दिलेली, आईनं अक्काला घातलेली. असे दाणे आता कुणी घडवत नाही.

“त्या टिकेचं काही दाणं गळालं होतं, पट्टी फाटली होती,” दाजी म्हणाले. आवाज इतका हळू की इंजिनाच्या धडधडीत मला वाकून ऐकावं लागलं. “म्या म्हणलं, मोडकं काय ठेवायचं, आटवून नवं करू. ती काय बोलली न्हाई. माझ्या हातानं मुशीत टाकली. दुप्पट वजनाचा हार केला तिला. घालायची, चांगला हाय म्हणायची. पर शेवटच्या दुखण्यात तिचा हात सारखा गळ्याकडं जायचा. टीक चाचपायची. तिथं काय नसायचं रं.”

माझा अंगठा अजून त्या दाण्यांवरच होता. 

“आयुष्यभर लोकांचं मोडकं आटवलं म्या. लगड झाली की ती कुणाची हे सोन्याला बी सांगता येत न्हाई. सोन्याची राखली न्हाई, दगडाची तरी राहू दे.”

खाली आबांनी विचारलं, “संपत, काय ठरलं?”

मी उठून उभा राहिलो. “आबा, दोष गावाला लागू नये एवढंच ना? मग हे आमच्या घरी जातील. दाजींच्या अंगणात.”

“मढ्याचं दगड घरात? खुळा हाईस का?”

“दोष लागंल त्यो मला लागंल,” दाजी बसल्या जागेवरून म्हणाले. “एकट्या माणसाच्या घराला आणि काय लागायचंय?”

आबांनी एकदा पाण्याकडं, एकदा दाजींकडं बघितलं. मग पुतण्याला म्हणाले, “हात काढ दांड्यावरनं.” आणि कुणाशी न बोलता बंधाऱ्यावरून गावाकडं चालू लागले.

दाजींना याचं समाधान नव्हतं. वीरगळ जिथं रोवला तिथंच तो शोभतो, जागेवरून हलला की निम्मी गोष्ट हरवते, असं ते अजून म्हणतात आणि साताऱ्याच्या पोरांना घेऊन आबांकडं खेटे घालतात. मिळेल जागा कधीतरी परत. आबा आता त्यांना चहा तरी विचारतात.

पण त्या रविवारी ट्रॉली गावाकडं वळली तेव्हा रस्ता खड्ड्यांचा होता. मोडका तुकडा घसरू नये म्हणून एका बाजूनं दाजींनी धरला होता, दुसऱ्या बाजूनं मी. अक्का गेल्यापासून आम्ही दोघांनी तिचा विषय एकमेकांपुढं कधी काढला नव्हता. मला वाटायचं, त्यांना त्रास होईल. त्यांना वाटायचं, मला होईल. त्या दिवशी नदीपासून अंगणापर्यंत आम्ही दोघं फक्त तिच्याबद्दल बोलत आलो.