मोघेकाकांचं कॉक्स

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावच्या मोघेकाकांकडे सफरचंद खायला जाणं म्हणजे तोंडी परीक्षा. काका आधी फळ कानाशी नेऊन हलवतात. आतल्या बिया खुळखुळल्या तर फळ तयार. नाही खुळखुळल्या, तर पाहुण्याने चहा पिऊन घरी जावं.

परसातलं झाड कॉक्स ऑरेंजचं, जुन्या जातीचं. फळ अर्धं केशरी, अर्धं खरखरीत, वर डाग. सुपरमार्केटातली चकचकीत सफरचंदं याला शेजारी बसू देणार नाहीत. काका मात्र गेस्टरूमच्या पलंगावर पेंढा अंथरून त्याची आढी घालतात, हापूसची घालावी तशी. पाहुणे खाली झोपतात. निम्मी फळं सुरकुततात.

"चव एकवटलीय," काका म्हणतात. "तू आयटीतला, तुला नाही कळायचं."

मग फोड हातात देऊन समोर खुर्ची ओढतात. यंदाचं फळ कसं उतरलंय हे कळेपर्यंत त्यांना चैन नसतं. स्वतः चाखत नाहीत. मालकाने चाखलं तर म्हणे निकाल पक्षपाती लागतो.

"बोल. काय लागलं?"

"गोड."

"गोड साखरही असते. पुढे?"

माझी बायको "छान आहे" म्हणाली, तिला दुसरी फोड मिळाली नाही. शेजारचा गोरा "स्वीट ॲज" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास. "कशासारखं स्वीट, ते ही माणसं कधी सांगतच नाहीत," म्हणून काकांनी त्याला नापास केलं.

गेल्या मार्चमध्ये मी पाठ करून गेलो: संत्र्याची झाक, मागून बदाम.

"हे मागच्या वर्षीचं," काका म्हणाले. "यंदा पाऊस हीप्स झाला, ढीगभर. यंदाचं सांग."

वैतागून मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. "काकू, यांना एकदा स्वतःच खाऊ दे ना."

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "खातात रे. घशाला रेडिएशन दिलं, तेव्हापासून कशाचीच चव लागत नाही. तीन वर्षं झाली. कुणाला सांगायचं नाही, अशी तंबी आहे."

मी परत येऊन बसलो. दुसरी फोड मागून घेतली.

"आधी आंबट," मी म्हणालो. "जिभेच्या कडांना. मग साल चावली की किंचित तुरट. आता गोड येतंय, पण मागून, पेरूसारखा वास घेऊन."

काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा रिकामा जबडा माझ्याबरोबर हळूहळू हलत होता.

मी गिळायची घाई केली नाही.