धनेशरावांचं बीजभाषण

एका जंगलात, बाळांनो, परिषद भरायची होती. विषय होता 'कुटुंब आणि जागतिक बदल'. जंगलाबाहेरचं जग कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे विषय एकमताने मंजूर झाला.

प्राध्यापक साळिंदर मुख्य वक्ता शोधत होते. मोराला विचारलं, तर त्याला आपली मुलं कोणती तेच आठवेना. मग ते धनेशरावांच्या झाडाखाली आले.

धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक नसणार. शाळेत भलतंच शिकवतात. पिल्लांच्या वेळी बायको झाडाच्या ढोलीत बसते आणि दार चिखलाने लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नवरा त्या फटीतून फळं भरवतो. त्याने आणलं तर जेवण, नाही तर उपास.

"तुमच्यासारखा कुटुंबवत्सल गृहस्थ जंगलात दुसरा नाही," साळिंदर म्हणाले. "बीजभाषण तुम्हीच करायचं."

धनेशराव फुलले. चोचीतलं उंबर त्यांनी तिथेच टाकलं आणि भाषण लिहायला बसले.

दुपारी फटीतून बायकोचा, चंचूबाईंचा, आवाज आला. "अहो, पोरं रडतायत. काही आणलंत का?"

"अगं, बापाच्या जबाबदारीवरच लिहितोय. मध्ये बोलू नकोस!"

मग तयारीची बैठक झाली. मग पुढच्या बैठकीच्या तयारीची बैठक झाली. इकडे पिल्लांचा आवाज बारीक होत चालला. मला तर हे सांगतानाही राग येतोय.

शेवटी चंचूबाईंनी चोचीने दार फोडलं. आत बसून त्यांची पिसं झडली होती, नवी जेमतेम फुटत होती. धडपडत, उड्या मारत त्या बैठकीत पोचल्या आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली उंबरं उचलू लागल्या.

धनेशरावांनी कित्येक दिवसांत बायकोची नुसती चोच पाहिली होती. ते अदबीने पुढे आले.

"नमस्कार. आपण कुठल्या जंगलातून आलात?"

चंचूबाईंनी उंबरं खाली ठेवली.

"घरी चला, सांगते," त्या म्हणाल्या आणि उंबरं पुन्हा उचलली.

घरी गेल्यावर त्यांनी आधी पिल्लांना पोटभर भरवलं. मग काय सांगितलं ते काही मला कळलं नाही.

परिषदेच्या दिवशी मांडव भरला, पण वक्त्यांचा पत्ता नाही. सगळे शोधत शोधत झाडाखाली आले. ढोलीचं दार नव्याने लिंपलेलं होतं. आत पिल्लं आणि धनेशराव. चंचूबाई फळं आणायला गेल्या होत्या.

"धनेशराव, बीजभाषण!" साळिंदर ओरडले.

फटीतून चोच बाहेर आली.

"मित्रहो, कुटुंब म्हणजे... अरे, डोळ्यात नको बोट घालू... पंख, पंख नको घालू! अगं, आलीस का? लवकर आण गं काहीतरी!"

चोच आत गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"इतक्या थोडक्यात आजवर कुणी मांडलं नव्हतं," साळिंदर डोळे पुसत म्हणाले. मग सगळे जेवायला गेले.

तात्पर्य: बाळांनो, कुटुंबावर सविस्तर बोलायचं असेल, तर कुटुंबापासून लांब राहावं. जवळ गेलं की भाषण फार लहान होतं.