शून्य कॅलरीचा उपास

काशिनाथराव देवस्करांना उपोषणाला बसायचं होतं, तेही रंगमंचावर, आणि त्यासाठी त्यांचं वजन आठ किलो जास्त होतं. भोपाळच्या मराठी मंडळाने गणपतीत नाटक ठरवलं होतं. नायक एकवीस दिवस अन्नाला न शिवलेला सत्याग्रही. बावीस वर्षं भालदार, पोस्टमन आणि मुलीचा बाप यांपलीकडे न गेलेल्या काशिनाथरावांना ही भूमिका मिळत होती, कारण मंडळातल्या तरुणांना मराठीत दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती.

"काका, मराठी एकदम बढिया आहे तुमचं," दिग्दर्शक केदार त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाला, "पण उपोषणाच्या एकविसाव्या दिवशी हे असं? लोक हसतील. दोन महिन्यांत आठ किलो उतरवा, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

काशिनाथराव पेटले. मुलीने, शमिकाने, त्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. दिवसभर खाल्लेलं त्यात लिहायचं, कॅलरींची बेरीज ॲप करणार.

"बाबा, सिंपल है. जितकं जळतं, त्यापेक्षा कमी खायचं. बस!"

पण इतकी साधी गोष्ट तीस वर्षं सरकारी कंपनीत इंजिनीअर असलेल्या माणसाला पटणार कशी? त्यांनी तिच्यात सुधारणा केली. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशी आणि चतुर्थी असे उपास धरले, आणि त्या दिवशी ॲपमध्ये ठणठणीत शून्य लिहायला सुरुवात केली.

"बाबा, खिचडी खाल्ली ना तुम्ही? वो भी दो प्लेट!"

"तो फराळ. जेवण नव्हे."

"कॅलरी तो होगी ना उसमें!"

"असती, तर आपल्या पूर्वजांनी त्याला उपास म्हटलं असतं का?"

पूर्वजांना मध्ये घातलं की माणसाला विचार करावा लागत नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, महाराणा प्रताप नगरातून किलोने आणलेला उपासाचा फरियाली चिवडा, सगळं शून्यात जमा होऊ लागलं. नवरा एवढं करतोय म्हणून मनोरमाबाईंनीही तेच उपास धरले. पहाटे उठून बाई दोघांची खिचडी करत, आणि काशिनाथराव दोघांचीही डब्यात भरून ऑफिसला नेत. "मला डोक्याचं काम असतं," ते म्हणत. शाळेत दिवसभर उभ्याने शिकवणाऱ्या बाईंच्या वाट्याला एक केळं येई. त्या घरी परत येईपर्यंत लाडवांचा डबाही रिकामा असायचा.

तिसऱ्या आठवड्यात वजन दोन किलोंनी वाढलं.

"फरशीला उतार आहे," काशिनाथरावांनी निदान केलं. मग ते स्कूटर काढून साकेत नगरातल्या औषधांच्या दुकानात गेले. तिथला काटा आणखी अर्धा किलो पुढे गेला. दुसरा कुणी असता तर शरमला असता. यांनी घरी येऊन जाहीर केलं, "शरीर घाबरलंय. उपासमार समजून सगळं साठवून ठेवतंय. उपास अजून कडक करायला हवेत." आणि मंगळवार, शुक्रवारही उपासाचे झाले. म्हणजे आता आठवड्यातून पाच दिवस खिचडी, आणि उरलेले दोन दिवस उपास सोडल्याचं गोडधोड.

दोन महिने सरले. मंडळाच्या हॉलमध्ये केदारने काटाच आणून ठेवला होता. काशिनाथराव छाती काढून उभे राहिले. पाच किलो वाढ. हॉलमध्ये कुणीतरी खोकून हसू दाबलं.

"काटा खोटा आहे! हे बघ, हे बघ ॲप!" त्यांनी फोन केदारच्या नाकाशी धरला. "सोमवार शून्य. मंगळवार शून्य. सरासरी चारशे! या हिशेबाने मी मेलेलो असायला हवं!"

केदारचं लक्ष नव्हतं. तो मागे खुर्चीत बसलेल्या मनोरमाबाईंकडे बघत होता. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, खांद्यावरून ब्लाऊज उतरू पाहणारा.

"काकू, किती वाळलात तुम्ही! तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय झालंय?" मनोरमाबाई स्वच्छ, ठणठणीत मराठीत म्हणाल्या. "उपास यांनी केले, उपाशी मी राहिले. दोन महिने झाले, घरात माझ्या वाटणीचा घास उरलेला नाही. आणि बोलायची सोय नाही, कारण पुण्य यांच्या नावावर लागतंय!"

केदारने आ वासला, आणि मग काशिनाथरावांच्या काखेतली नाटकाची संहिता काढून मनोरमाबाईंच्या हातात दिली.

"सत्याग्रही बाई असली तर काय बिघडलं? काकू, आत्ताचं हेच, अस्संच म्हणायचं."

"आणि मी?" काशिनाथरावांनी काट्यावरूनच विचारलं.

"तुम्ही पडदा ओढा, काका," केदार मनापासून म्हणाला. "दोरी फार जड आहे. तिला लटकायला वजनदारच माणूस लागतो."