गुलाबाची कटिंग

बायको दोन दिवसांसाठी बहिणीकडे निघाली आणि दारातूनच बजावून गेली, "सुकलेली फुलं तेवढी खुडा, म्हणजे नवी येतील. माझ्या गुलाबाला काही झालं तर गाठ माझ्याशी आहे!"

"अगं, दिवसभर कात्रीच चालवतो मी," नवरा म्हणाला. धंद्याने तो न्हावी. इथेच तर माशी शिंकली!

गॅलरीतल्या कुंडीपुढे स्टूल घेऊन त्याने डावीकडची दोन सुकलेली फुलं उडवली. मान तिरकी करून पाहतो तर उजवी बाजू जड. तिकडून थोडं घेतलं. मग डावी जड वाटली. मग वरून किंचित, मग कानामागून... गुलाबाला कान नसतात हे ध्यानात येईपर्यंत नुसते खुंट उरले होते. गिऱ्हाईक असतं तर "महिन्याभरात वाढतील" म्हणून वाटेला लावता आलं असतं. बायकोला काय सांगणार, कपाळ!

त्याने फुलवाल्याकडे धाव घेतली आणि पानांसकट लाल गुलाब आणून दोऱ्याने खुंटांना बांधले.

बायको आली. "अगंबाई, काय फुललाय!" त्याचा जीव भांड्यात पडला. सकाळी फुलांनी माना टाकल्या, तर ती म्हणाली, "खुडा की. नवी येतील."

आता यायलाच हवी होती! रोज उजाडता उजाडता स्वारी फुलवाल्याच्या दारात.

"वहिनी रुसल्यात वाटतं?"

"रुसू नयेत म्हणूनच ही वणवण, बाबा!"

एकदा लाल संपले. त्याने घाबरत घाबरत पिवळे बांधले.

"अय्या, पिवळेसुद्धा येतात याला!" बायको म्हणाली. किती ही भोळी, असं वाटून त्याला तिची दयाच आली.

आणि एके सकाळी खुंटाला चक्क लाल कळी दिसली. तो आनंदाने ओरडला, "अगं, खरी कळी आली!" आणि त्याने जीभ चावली.

"आली का? छान," बायकोने चहाचा घोट घेतला.

"म्हणजे... तुला ठाऊक होतं?"

"दोऱ्याच्या गाठी पहिल्याच दिवशी दिसल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी एक फूल आणलंत? आता रोज येत होती. कशाला तोंड उघडू?"

तो खजील झाला. तरी मनात म्हणाला, चला, उद्यापासून सुटलो. तेवढ्यात बायकोने कात्री उचलली आणि कळीपाशी नेली.

"अगं अगं, थांब! आणतो! रोज आणतो!"

बायकोने कात्री खाली ठेवली.

"उद्या पांढरी आणा हं."