मोठ्या बाईंच्या फुलदाणीतली नरफुलं

"वीस दिवस द्या मला. त्या वेलाला भोपळा धरला नाही, तर खुशाल तिथे गाड्या लावा. पहिली स्कूटर मी स्वतः आणून लावीन!" असं जीवशास्त्राचे सर शिक्षकखोलीत भर सभेत बोलून गेले. खाली बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो आहोत, आणि ते सगळ्यांनी ऐकलंही आहे.

माणूस दमला की असं होतं. गप्प बसायलाही अंगात ताकद लागते, आणि सरांची ताकद सत्तावीस वर्षं तोच धडा शिकवण्यात खर्च झाली होती. शाळेत त्यांचं नाव 'हरितद्रव्य'. मुलांना काहीही विचारलं आणि उत्तर येत नसलं की मुलं 'हरितद्रव्य' म्हणून मोकळी व्हायची आणि दहातल्या चार वेळा उत्तर बरोबर निघायचं, त्यावरून ते पडलं. पानावर ऊन पडलं की पान अन्न तयार करतं आणि सरांवर ऊन पडलं की सरांना डुलकी लागते, एवढाच काय तो दोघांत फरक, असं गणिताचे सर म्हणायचे.

ही डुलकी लागायची प्रयोगशाळेच्या मागे. तिथे दहा-बारा खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती आणि सहावीच्या वर्गातून बाद झालेलं एक तीन पायांचं बाक होतं. चौथ्या पायाच्या जागी विटा. मधल्या सुट्टीत सर तिथे जायचे, बूट काढायचे आणि भिंतीला टेकून वीस मिनिटं बसायचे. त्या वीस मिनिटांत त्यांना कुणी 'सर, आज अमके गैरहजर आहेत हो, तेवढा तास घ्या' म्हणत नसे. घरी आईचा टीव्ही, दोन मुलींची परीक्षा आणि बायकोची न संपणारी यादी. चोवीस तासांत त्यांची स्वतःची म्हणावीत अशी मिनिटं होती ती एवढीच.

आणि नेमकी तीच जागा मुख्याध्यापिकांना गाड्यांच्या स्टँडसाठी हवी होती. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांना रिकामी जागा बघवत नसे.

"तिथे बाग आहे, बाई," सर सभेत म्हणाले होते.

"बाग? एक वेल आहे, तोही आपोआप उगवलेला. फळ नाही, काही नाही."

"धरेल ना."

"वीस दिवसांनी तपासणी आहे. साहेबांना दाखवण्यासारखी बाग असली तर राहू दे. नाहीतर स्टँड."

यावर सर ते वाक्य बोलले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "तुमच्या वर्गात दरवर्षी भोपळे धरतात, बागेत का नाही धरणार?" गणिताच्या सरांनी पुस्ती जोडली आणि सभा हसत हसत संपली.

वेल लाल भोपळ्याचा होता. शिपाईमामांनी कधीतरी डबा धुताना बिया टाकल्या होत्या, त्यातली एक रुजली. दुसऱ्या दिवशी सर प्रथमच बाकाकडे पाठ करून वेलाकडे नीट बघायला लागले, आणि चक्रावले. भोपळ्याच्या वेलावर दोन जातींची फुलं येतात. मादीफुलाच्या देठाशी इवलीशी गाठ असते, तिचाच पुढे भोपळा होतो. नरफुलाला गाठ नसते, असतो तो नुसता लांब देठ आणि आत परागकण. ते परागकण मादीफुलात पोचले तर गाठ वाढते, नाहीतर पिवळी पडून गळते. एका वेलावर नरफुलं ढीगभर येतात आणि मादीफुलं मोजकी. या वेलावर मात्र चार मादीफुलं होती, आणि नरफूल औषधालासुद्धा नव्हतं.

सरांनी जुनी पुस्तकं उघडली. पाणी जास्त होत असेल म्हणून ते कमी केलं. ऊन कमी पडत असेल म्हणून वेल दोरीने उचलून भिंतीवर चढवला. नववीच्या वर्गात तर त्यांनी, हवामानाच्या फरकाने वेलाची प्रकृती कशी पालटते यावर अर्धा तास ठोकून दिला. मुलांनी ते उतरवून घेतलं. तोवर चारही गाठी पिवळ्या पडून गळाल्या आणि सहा दिवस संपले.

सातव्या दिवशी मोठ्या बाईंनी गुणपत्रकांच्या उशिराबद्दल बोलावून घेतलं. सर मान खाली घालून आत गेले. समोर टेबलावर काचेची फुलदाणी होती, आणि फुलदाणीत ताजी, टवटवीत, पिवळीधमक, लांब देठांची अकरा नरफुलं उभी होती.

"तुम्ही ऐकताय ना?" बाईंनी विचारलं.

"ही फुलं..."

"मामा आणतात रोज सकाळी. या शाळेत दिवसभरात प्रसन्न वाटावं अशी हीच एक गोष्ट आहे बघा. बरं, गुणपत्रकं उद्या."

सर बाहेर आले ते थेट मामांकडे. मामा घंटेखाली स्टुलावर बसले होते. सरांपेक्षा दहा वर्षांनी मोठे, कामात चोख, आणि शाळेतल्या प्रत्येक वस्तूला स्वतःची समजणारे.

"मामा, वेलाची फुलं तुम्ही तोडता?"

"तोडतो की. पण बघून तोडतो, सर. गाठवाल्या फुलाला हात लावत नाही. नुसती बिनकामाची तेवढी काढतो, म्हणजे वेलाची ताकद उगाच वाया जायला नको."

"बिनकामाची? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच," मामा अभिमानाने म्हणाले. "दरवर्षी दाराशी उभा राहून ऐकतो मी तुमचा तो धडा. गाठ असते त्या फुलाचं फळ होतं, असं तुम्ही सांगता. फळ्यावर चित्रसुद्धा काढता."

"आणि पुढचं? नरफुलाचं?"

"पुढचं काही ऐकलं नाही. तेवढ्यात तास संपतो. मला घंटा द्यायला जावं लागतं ना."

सर पायरीवर बसले. मामा म्हणत होते ते खरं होतं. सत्तावीस वर्षांत मादीफुलानंतर घंटा झाली नाही असं एकदाही घडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर नवा धडा काढत. मुलांच्या सत्तावीस तुकड्या अर्ध्याच धड्यावर शाळेतून बाहेर पडल्या होत्या, हे त्यांच्या आज ध्यानात आलं आणि त्यांना फार थकल्यासारखं झालं.

"मामा, फुलं तोडणं बंद करता येईल?"

"येईल. बाईंनी विचारलं तर तुमचं नाव सांगू?"

सरांनी गुणपत्रकांचा विचार केला आणि नको म्हणाले. बाईंच्या दिवसातली एकुलती एक प्रसन्न गोष्ट काढून घ्यायची, आणि वर त्यांच्याकडेच जागा मागायची, हे त्यांच्या छातीला झेपणारं नव्हतं. नरफुलं जाग्यावर राहत नसतील तर आपण त्यांच्याकडे जावं, हा मार्ग त्यातल्या त्यात सोपा वाटला. मामा सकाळी सातला फुलदाणी भरतात आणि बाई येतात सव्वासातला. परागकण तेव्हा ताजे असतात. मधे पंधरा मिनिटं मिळतात.

चित्रकलेच्या बाईंकडून त्यांनी चार नंबरचा ब्रश मागून घेतला.

"कशाला हवाय?"

"परागीकरण करायचंय."

"अच्छा," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, आणि पुढे काही विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नांचं शिक्षकखोलीत काय होतं, हे सरांना ठाऊक असायला हवं होतं.

वेलावर तीन नवी मादीफुलं उमलली त्या सकाळी सर सात वाजून दोन मिनिटांनी मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले. एका फुलातला ब्रश दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात. चष्मा नसल्यामुळे त्यांना नाक फुलात घालावं लागत होतं. सातवं फूल चाललं असताना मागून आवाज आला.

"काय करताय तुम्ही?"

बाई त्या दिवशी लवकर आल्या होत्या. सर वळले. नाकाचा शेंडा पिवळा, मिशा पिवळ्या, हातात ब्रश.

"बाई, हे नर आहेत."

"कोण?"

"हे सगळे. अकराच्या अकरा." आणि ब्रशवरचे परागकण वाऱ्याने उडून जातील या धास्तीने सरांनी दुसऱ्या हाताचा आडोसा केला, "येतो मी, तिकडे तिघी थांबल्यात," असं म्हणाले आणि जवळजवळ पळत सुटले.

त्या तिघींच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधल्या चिकट टोकावर, त्यांनी ब्रश फिरवला. दुसऱ्या वेलाचे पराग येऊ नयेत म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या पिशव्या करून वर बांधल्या. दुसरा वेल आसपास कुठेच नव्हता, पण पुस्तकात तसं लिहिलं होतं. काम संपवून ते बाकावर बसले तेव्हा त्यांना कित्येक वर्षांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

ते तासभर टिकलं. दुसऱ्या तासापर्यंत अख्ख्या शिक्षकखोलीला कळलं होतं की हरितद्रव्य सर पहाटे ब्रश घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत फुलांचे वास घेत होते. तिसऱ्या तासाला बाईंनी सरांचे आठवीचे तास गणिताच्या सरांना दिले, कारण सरांना विश्रांतीची गरज होती. गणिताच्या सरांनी ते घेतले आणि सरांशी बोलणं सोडलं. संध्याकाळी सर घरी पोचले तर बायको दारातच उभी.

"बाईंचा फोन आला होता. तुमची झोप नीट होते का, विचारत होत्या."

"अगं, त्या फुलांचं..."

"तेही सांगितलं त्यांनी. अठरा वर्षांत घरी एक फूल आणलं नाहीत आणि तिकडे फुलदाणीत तोंड घालून उभे होतात."

"अगं, नरफुलं होती ती."

आतून आईने टीव्हीचा आवाज कमी केला, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते सरांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मामा बाकापाशी येऊन उभे राहिले. माझ्यामुळे झालं का हे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सरांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि तो धडा शेवटपर्यंत सांगितला. परागकण कुक्षीवर कसा पडतो, त्याला बारीक नळी कशी फुटते, ती नळी खाली अंडाशयापर्यंत कशी जाते, आणि मग गाठीला कळतं की आता वाढायचं. मामा तोंड उघडं टाकून ऐकत होते. धडा पुरा झाला तेव्हा घंटेची वेळ टळून बारा मिनिटं झाली होती, शाळाभर मुलं हुंदडत होती आणि मोठ्या बाई स्वतः घंटेचा हातोडा शोधत होत्या.

तीन गाठींपैकी दोन गळाल्या. तिसरी राहिली. आधी लिंबाएवढी, मग नारळाएवढी, आणि विसाव्या दिवशी उचलायला दोन हात लागावेत एवढी झाली.

तपासणीचे साहेब कंटाळलेले होते. वर्ग बघताना त्यांनी तीनदा जांभई दिली. बागेपाशी आल्यावर मात्र थांबले आणि नववीतल्या एका मुलीला विचारलं, "हा भोपळा कसा धरला, सांगशील?"

"हो. आमच्या सरांनी मोठ्या बाईंच्या टेबलावरून पराग आणले," मुलगी म्हणाली. "बाईंच्या टेबलावर अकरा नर होते."

सरांनी डोळे मिटून घेतले. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर त्या सकाळचा सगळा अर्थ हळूहळू उजाडला. मग म्हणाल्या, "हो, साहेब. फुलदाणी आम्ही मुद्दामच ठेवली होती. उपक्रम आहे तो."

साहेबांनी शेऱ्यात 'आदर्श बाग' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

सर जिंकले. बायकोला बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, गणिताचे सरही बोलायला लागले. आणि सोमवारी सर मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागे गेले, तर बाक नव्हतं. आदर्श बागेत मोडकं बाक शोभत नाही म्हणून ते भंगारात गेलं होतं. त्या जागी पाटी होती, आणि पाटीखाली पाचवीची बेचाळीस मुलं. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास बागेत, मधल्या सुट्टीत निरीक्षण मंडळ, प्रमुख म्हणून सर. "सर, हे नर आहे का? सर, हिने मादी तोडली!" वीस मिनिटांत सरांना चौसष्ट प्रश्न आले. करायला गेलो काय आणि झालं काय, असं म्हणायलाही त्यांना उसंत मिळाली नाही.

गाड्यांचा स्टँड मग शाळेच्या मागच्या फाटकाशी झाला. महिन्याभराने एकदा सरांचं डोकं फार दुखत होतं म्हणून ते तिकडे गेले. वर पत्रा, मागे भिंत, फाटकातून येणारी वाऱ्याची झुळूक. ते आपल्या स्कूटरवर बसले, भिंतीला टेकले, बूट काढले. कुणी आलं नाही. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत स्टँडवर कुणी फिरकतच नाही, कशाला फिरकेल? म्हणजे वीस दिवस नाकाला पराग फासून, बायकोची बोलणी खाऊन आपण जे होऊ दिलं नाही, ते झालं असतं तर आपली जागा आपल्यालाच राहिली असती. फक्त बाकाऐवजी स्कूटर. हे त्यांनी मनाशी पुन्हा एकदा नीट तपासून बघितलं. तेच उत्तर आलं.

त्यांचा डोळा लागत होता एवढ्यात खुरपं घेऊन मामा आले.

"अरे वा, सर, तुम्ही इथेच आहात. बरं झालं. पत्र्याखाली गाड्या फार तापतात, म्हणून बाईंना म्हटलं, पत्र्यावर भोपळ्याचा वेल चढवू. बाई एकदम खूश. म्हणाल्या, सरांच्या देखरेखीखाली करा. उद्यापासून सातवीची मुलं येतील."

"मामा, हे सुचलं कुणाला?"

"मलाच," मामा म्हणाले आणि स्कूटरच्या पुढच्या चाकाशी खड्डा खणायला बसले. "या वेळी काळजी करू नका, सर. धडा पुरा ऐकलाय मी."

सरांनी घड्याळ बघितलं. घंटेला अजून अकरा मिनिटं होती. त्यांनी बूट घातले आणि मामांना विचारलं, "बिया कुठे आहेत?"